परवाना माणसाला की जागेला? : आनुवंशिक समुपदेशन आणि कायदा

आमच्या रुग्णालयातील आनुवंशिक समुपदेशन केंद्रात येणारी कुटुंबे अलीकडे एक प्रश्न आवर्जून विचारू लागली आहेत : "आम्हांला सल्ला देणाऱ्या मॅडमकडे सरकारचा परवाना आहे ना?" हाच प्रश्न काही देणगीदारांनी पत्राने विचारला आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही त्यावर चर्चा झाली. प्रश्न अगदी रास्त आहे. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते, परिचारिकेची परिचर्या परिषदेकडे असते, औषधविक्रेत्याचे प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर टांगलेले असते. मग ज्या सल्ल्यावर एखादे जोडपे मूल होऊ द्यावे की नाही हे ठरवते, तो सल्ला देणाऱ्याची शहानिशा कोणी केलेली असते? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून या वर्षीच्या अहवालात थोडी जागा या विषयाला देत आहोत.

प्रथम, समुपदेशन म्हणजे काय ते पाहू. नुसता तपासणीचा अहवाल वाचून दाखवणे म्हणजे समुपदेशन नव्हे. थॅलेसिमियाचेच उदाहरण घेऊ. पती आणि पत्नी दोघेही या आजाराचे वाहक असतील, म्हणजे स्वतः ठणठणीत असूनही दोघांच्या अंगी सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे वाक्य सोपे दिसते. पण घरोघरी त्याचा अर्थ निराळाच लावला जातो. "पहिले मूल आजारी निघाले, म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार," असा हिशेब मांडणारी शिकली-सवरलेली माणसे आमच्याकडे येतात. वास्तविक प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नाणी नव्याने उडवली जातात. आधीच्या निकालाची आठवण निसर्ग ठेवत नाही. हे समजावून सांगावे लागते, आणि एकदा सांगून भागत नाही. त्याखेरीज तीन पिढ्यांची वंशावळ काढावी लागते, आतेभाऊ-मामेबहिणीचे लग्न घरात झाले आहे का हे न दुखावता विचारावे लागते, आणि "दोष सुनेकडून आला" हा सासरचा समज मोडून काढावा लागतो, कारण अशा आजारात वाहकत्व दोन्ही बाजूंचे असते. एवढे करून शेवटी निर्णय मात्र त्या जोडप्याचाच राहू द्यायचा असतो. हे काम चुकीच्या हाती पडले तर काय होते? निरोगी गर्भ भीतीपोटी नाकारला जातो, किंवा टाळता आला असता असा आजार दुसऱ्यांदा घरी येतो. रक्तस्राव दिसतो, चुकीचा सल्ला दिसत नाही. त्याचा परिणाम कळेपर्यंत वर्षे गेलेली असतात.

'सल्लागाराला परवाना' ही कल्पना सर्वांत पुढे गेली ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, म्हणून तेथील वाटचाल थोडी विस्ताराने पाहणे उपयोगी ठरेल. 'आनुवंशिक समुपदेशन' या अर्थाचा शब्द तेथे १९४७ साली शेल्डन रीड या शास्त्रज्ञांनी रूढ केला. ते मिनेसोटा विद्यापीठातील डाइट संस्थेचे प्रमुख होते. ही संस्था ज्या डॉ. चार्ल्स डाइट यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभी राहिली, ते स्वतः 'सुप्रजनना'चे, म्हणजे 'अयोग्य' माणसांनी प्रजा वाढवू नये या मताचे, कट्टर पुरस्कर्ते होते. रीड यांना हा वारसा नको होता. कुटुंबाला माहिती द्यावी, आज्ञा देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. त्या देशात हा फरक केवळ शब्दांचा नव्हता. इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला, व्हर्जिनियाने १९२४ साली केला आणि १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा कायदा वैध ठरवला. पुढील काही दशकांत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसे निर्बीज केली गेली. आनुवंशिकतेच्या बाबतीत राज्यसंस्थेचा पहिला हस्तक्षेप असा होता, हे परवान्याच्या चर्चेत विसरता येत नाही.

दुसरा धडा सिकलसेलचा. या आजारामागील रक्तद्रव्याचा दोष लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिला. पुढे १९६८ साली याच पॉलिंग यांनी असे सुचवले की प्रत्येक तरुण वाहकाच्या कपाळावर एक खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत! नोबेल पारितोषिक दोनदा मिळवलेल्या माणसाचे हे विधान आहे; रेणू कळला म्हणून माणूस कळतोच असे नाही. त्यानंतर १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या तपासणीचे कायदे घाईने केले. तपासणी झाली, पण समजावून सांगणारे कोणी नव्हते. 'वाहक' आणि 'रोगी' यांतील भेद खुद्द कायदे करणाऱ्यांनाही नीट उमगला नव्हता. परिणामी धडधाकट माणसांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार तर वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक असावी आणि तिच्यासोबत समुपदेशन असावे, असे धोरण स्वीकारले. पण समुपदेशन करणार कोण?

त्याची तजवीज एका लहान महाविद्यालयात होऊ लागली होती. न्यूयॉर्क राज्यातील सारा लॉरेन्स महाविद्यालयात १९६९ साली आनुवंशिक समुपदेशनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९७९ मध्ये या पेशातील लोकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९९३ मध्ये परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे स्वतंत्र मंडळ उभे राहिले. तरीही हे सारे खासगी होते. परीक्षा न देता कोणी दारावर 'आनुवंशिक समुपदेशक' अशी पाटी लावली, तर त्याला अडवणारा कायदा नव्हता. ही उणीव राज्यांनी भरून काढायला घेतली. कॅलिफोर्नियाने २००० साली कायदा केला, परंतु नियम तयार होऊन परवाने हाती पडायला तेथे जवळजवळ दशक लोटले. (कायदा आणि नियम यांच्यामधले अंतर केवळ आपल्याकडेच असते असे नाही.) प्रत्यक्ष परवाने देणारे पहिले राज्य ठरले युटा, २००२ साली. आज तीसहून अधिक राज्यांत असे परवाने दिले जातात.

परवान्याची पद्धत थोडक्यात अशी. उमेदवाराने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून पदव्युत्तर पदवी घेतलेली असावी आणि मंडळाची परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी. परीक्षेची वाट पाहणाऱ्याला अनेक राज्यांत तात्पुरता परवाना मिळतो, मात्र त्याने देखरेखीखाली काम करावयाचे असते. परवान्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात शिक्षण चालू ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो. आमच्या मते यांतील सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच आहे : तक्रार कोणाकडे करायची ते ठरलेले असते. सल्ला चुकला, गुप्तता मोडली, तर कुटुंब राज्याच्या मंडळाकडे किंवा विभागाकडे दाद मागू शकते आणि ते मंडळ परवाना काढून घेऊ शकते. आणखी एक बाब अशी की परवाना राज्यापुरता असतो. समुपदेशक दूरध्वनीवरून सल्ला देत असेल, तर रुग्ण ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना त्याच्याकडे असावा लागतो; त्यामुळे एकाच व्यक्तीला अनेक राज्यांचे परवाने बाळगावे लागतात.

परवान्याने सारे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. डॉक्टरांना सामान्यतः या कायद्यांतून सूट असते. एखाद्या डॉक्टरांचा आनुवंशिकतेचा अभ्यास कितीही जुना झाला असला तरी ते सल्ला देऊ शकतात. तपासणी विकणाऱ्या कंपनीच्याच पगारावर असलेला समुपदेशक 'ही तपासणी तुम्हांला नको' असे किती मोकळेपणाने सांगेल, याचेही उत्तर परवान्याच्या कागदावर नसते. आणि व्हर्जिनियाचे नाव येथे पुन्हा एकदा घ्यावे लागते. त्या राज्याने २०१४ साली समुपदेशकांसाठी परवान्याचा कायदा केला, तेव्हा आपल्या नैतिक वा धार्मिक श्रद्धेच्या विरुद्ध जाणारे समुपदेशन नाकारण्याची मुभा समुपदेशकाला दिली. श्रद्धेचा आदर आम्हांलाही आहे. परंतु गर्भपातासारख्या विषयावर माहिती मागायला आलेल्या जोडप्याला माहितीच मिळाली नाही, तर ज्याच्या संरक्षणासाठी परवाना काढला तोच उघड्यावर राहतो, असे आम्हांला वाटते.

आता आपल्याकडे वळू. भारतात आनुवंशिक समुपदेशनाचा कायद्यात उल्लेख आला तो अगदी वेगळ्या भीतीतून. गर्भजल परीक्षेचा उपयोग मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला आणि त्याविरुद्ध मुंबईत चळवळ उभी राहिली. तिच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली प्रसवपूर्व निदान तंत्राच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा केला. देशातील असा हा पहिला कायदा होय. संसदेचा कायदा १९९४ साली झाला, १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मधील दुरुस्तीनंतर तो गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र (लिंग निवडीस प्रतिबंध) कायदा म्हणून ओळखला जातो. सोनोग्राफी केंद्राच्या दारावरील 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या फलकामुळे हा कायदा सर्वांच्या परिचयाचा आहे. पण याच कायद्याने तीन प्रकारच्या ठिकाणांची नोंदणी सक्तीची केली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते : आनुवंशिक चिकित्सालय, आनुवंशिक प्रयोगशाळा आणि आनुवंशिक समुपदेशन केंद्र. रुग्णांना असे समुपदेशन देणारी संस्था, रुग्णालय, शुश्रूषागृह किंवा कोणतीही जागा, तिचे नाव काहीही असो, समुपदेशन केंद्राच्या व्याख्येत येते.

म्हणजे आपल्या कायद्याने परवाना दिला तो जागेला. नोंदणीचे प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी असते आणि ते दर्शनी भागात लावावे लागते. समुचित प्राधिकाऱ्यांना तपासणीचे, कागदपत्रे ताब्यात घेण्याचे आणि नोंदणी रद्द करण्याचे अधिकार आहेत. केंद्राने प्रत्येक रुग्णाची नोंद फॉर्म डी मध्ये ठेवायची आणि मागील महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत प्राधिकाऱ्यांना द्यायचा असतो. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदी अपुऱ्या ठेवणे हीदेखील केवळ कारकुनी बाब मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. या कडकपणाबद्दल वैद्यक व्यवसायात कुरकुर असते. आमची नाही. या राज्यात मुलींची संख्या किती घटली होती हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी फॉर्म भरण्याचा कंटाळा करू नये.

मग माणसाचे काय? नियमांनुसार समुपदेशन केंद्र चालवण्यासाठी वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ हवा, किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ अथवा बालरोगतज्ज्ञ हवा आणि त्याला आनुवंशिक समुपदेशनाचा सहा महिन्यांचा अनुभव अथवा चार आठवड्यांचे प्रशिक्षण असावे. त्याशिवाय पुरेशी जागा आणि समजावून देण्यासाठी तक्ते व प्रतिकृती असाव्यात. तक्त्यांपर्यंत विचार करणाऱ्या नियमांनी समुपदेशकाची परीक्षा, त्याचे पुढील शिक्षण, त्याच्याविरुद्धची तक्रार यांचा विचार केलेला नाही. कारण कायद्याचा रोख लिंगनिवडीवर होता. आनुवंशिक समुपदेशनात पदव्युत्तर पदवी घेतलेली तरुण मंडळी आज देशात तयार होत आहेत आणि त्यांना प्रमाणपत्र देणारे एक भारतीय मंडळही आहे. मात्र ते प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, सरकारी परवाना नव्हे. संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याखाली राज्य परिषदाही येतात. भौतिकोपचार आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांसारख्या पेशांना त्यामुळे वैधानिक चौकट लाभत आहे. आनुवंशिक समुपदेशकासाठी स्वतःचा, परीक्षेवर आधारलेला परवाना अशाच चौकटीतून यावा, अशी आमची अपेक्षा आहे.

फॉर्म डी पाहिला तरी कायद्याची नजर कोठवर पोहोचते ते कळते. त्यातील रकाने प्रामुख्याने गर्भवतीचे आहेत. आईला आणि मावशीला स्तनांचा कर्करोग झाला, आता आपले काय, असे विचारत येणाऱ्या पस्तिशीच्या स्त्रीची चिंता त्यांत बसत नाही. नोंदी जपण्याची मुदतही दोन वर्षांची आहे. लिंगनिवडीचा तपास करायला ती पुरेशी असेल. घराण्यात उतरणाऱ्या आजाराला ती फारच तोकडी आहे. आज वंशावळ काढून दिलेल्या स्त्रीची भाची वीस वर्षांनी येईल, तेव्हा तिला हाच कागद हवा असेल. म्हणून कायद्याची मुदत संपल्यावरही कुटुंबाच्या संमतीने वंशावळ जपून ठेवावी, असे आमच्या केंद्राचे धोरण आहे.

हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही, याचे कारण सिकलसेल. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबार या भागांत त्याचे प्रमाण मोठे आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर प्रत्येकाच्या हाती पत्रिका दिली जाते आणि लग्नापूर्वी मुलामुलींनी आपापल्या पत्रिका ताडून पाहाव्यात, असे सांगितले जाते. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र सात कोटी पत्रिका छापणे सोपे, त्या समजावून सांगणारी माणसे उभी करणे अवघड. 'एएस' लिहिलेली पत्रिका पाहून एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले, आणि मुलगा वाहक नसल्याने त्यांच्या एकाही अपत्याला आजार होण्याची शक्यताच नव्हती हे कोणी सांगितलेच नाही, तर अमेरिकेत १९७० नंतर जे घडले त्याची ती पुनरावृत्ती होईल. हा सल्ला आज आशाताई देतात, आरोग्य सेविका देतात, कधी प्रयोगशाळेच्या खिडकीतला मुलगा देतो. आशाताईंच्या तळमळीबद्दल आम्हांला शंका नाही. त्यांना शिकवलेले किती आणि विचारायचे कोणाला, ही आमची चिंता आहे.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे : आमच्या केंद्राची नोंदणी कायद्याप्रमाणे झालेली आहे, समुपदेशक व्यक्तीसाठी मात्र अमेरिकी राज्यांत असतो तसा स्वतंत्र परवाना आपल्याकडे नाही. तो येईपर्यंत कुटुंबांनी कोणत्याही केंद्रात, आमच्याही, निःसंकोच चौकशी करावी. समुपदेशकाचे शिक्षण कोठे झाले आणि त्याने कोणत्या तज्ज्ञाच्या हाताखाली काम केले, हे विचारावे. सांगितलेली शक्यता लेखी मागावी. सुचवलेली तपासणी ज्या प्रयोगशाळेत होणार, तिच्याकडून सल्ला देणाऱ्याला काही मोबदला मिळतो का, हा प्रश्न विचारताना लाजू नये. गर्भजल तपासणीसारख्या प्रक्रियेपूर्वी तिचे धोके आणि परिणाम समजावून सांगून गर्भवतीची लेखी संमती तिला कळणाऱ्या भाषेत घेणे आणि तिची प्रत तिला देणे कायद्याने बंधनकारक आहे. ही प्रत मागून घ्यावी, घरी नीट ठेवावी. आणि गर्भ मुलाचा की मुलीचा, हे कोणी खुणेनेही सुचवू लागले तर तेथून उठावे आणि समुचित प्राधिकाऱ्यांना कळवावे.

देणगीदारांसाठी एक गोष्ट सांगणे उरते. एका कुटुंबाच्या पहिल्या भेटीला तास-दीड तास लागतो आणि बिलात त्यासाठी मांडता येईल असे विशेष काही नसते : इंजेक्शन नाही, टाका नाही, यंत्र नाही. म्हणूनच खर्चाच्या ताळेबंदात हा विभाग नेहमी तुटीत दिसतो. ही तूट आपल्या देणग्यांतून भरून निघते. या विभागाच्या नावे येणारी रक्कम समुपदेशकांचे वेतन, त्यांचे वार्षिक प्रशिक्षण आणि बाहेरगावाहून येणाऱ्या गरजू जोडप्यांचा प्रवासखर्च यांवरच खर्च केली जाते. केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र प्रतीक्षाकक्षाच्या भिंतीवर लावलेले आहे; समुपदेशकांच्या पदव्या आणि प्रशिक्षण यांचा तपशीलही आता त्याच्याच शेजारी लावला आहे.